शॉवरचा दाब, शेजारचा नळ

नवं घर बांधताना वरच्या मजल्यावर हौसेने बाथरूम काढायची, फरशांसाठी चार दुकानं पालथी घालायची, इन्स्टंट गिझर आणि चकचकीत शॉवर बसवायचा, आणि पहिल्याच थंडीत लक्षात यावं की पाणी अंगावर पडतच नाही. जाळीवरून ओघळून भिंतीच्या कडेने खाली उतरतं. जामखेडसारख्या तालुक्याच्या गावात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यावरचं उत्तरही ठरून गेलंय: एक मोटार आणायची. कुणी ती गच्चीवर टाकीतून निघणाऱ्या पाइपवर बसवतो, कुणी थेट नगरपरिषदेच्या नळाला जोडतो. माझं म्हणणं असं की मोटार हा या दुखण्यावरचा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही; आणि नळाच्या लाइनला लावलेली मोटार तर उपायच नाही. शॉवरला लागणारा दाब बहुतेक घरांत घराच्या आतच अडकलेला असतो, थोडा टाकीच्या उंचीत आणि थोडा पाइपच्या वाटेत. तो तिथून मोकळा करून घेता येतो, आणि त्यासाठी आधी थोडं मोजमाप करावं लागतं.

दाब ही काही यंत्रातून निघणारी वस्तू नाही. सौताड्याच्या कड्यावरून विंचरणा कोसळते तेव्हा तिच्यात जो जोर असतो तो केवळ उंचीचा. तीच नदी पुढे जामखेडमधून सपाटीने जाते तेव्हा तो जोर उरलेला नसतो. घरातल्या पाइपचं गणितही हेच. दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक किलो भरतो (प्लंबर नुसतं ‘किलो’ म्हणतात, हिशेब प्रति चौरस सेंटीमीटरचा असतो). आता आपलं घर मोजू. खोलीची उंची दहा फूट, वर स्लॅब, स्लॅबवर टेकवलेली हजार लिटरची टाकी. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये शॉवर सात फुटांवर. म्हणजे शॉवरपासून टाकीच्या तळापर्यंत जेमतेम साडेतीन फूट, एखादा मीटर. टाकी भरलेली असेल तर आणखी एक मीटर. हाताशी असलेला सगळा दाब एवढाच, एका किलोच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतका. त्याच घरात तळमजल्यावरच्या बाथरूमला आणखी तीन मीटर उंची आपोआप मिळते, म्हणून खालचा नळ धो धो चालतो आणि वरचा रडतो. सकाळी पहिल्या आंघोळीला पाणी बरं येतं आणि तिसऱ्या आंघोळीपर्यंत मंदावतं, त्याचंही कारण टाकीतली उतरलेली पातळी हेच असतं. अशा वेळी गिझरला किंवा शॉवरच्या कंपनीला दोष देणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

विजेवर तापणाऱ्या शॉवरची आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे. इन्स्टंट गिझर पाणी जाता जाता तापवतो. जात्यात घास जास्त टाकला की पीठ भरड निघतं, तसंच याचं आहे. पाणी जास्त सोडलं की ते कोमट निघतं. तीन किलोवॉटचा गिझर मिनिटाला एक लिटर पाणी सुमारे ४३ अंशांनी तापवू शकतो. मिनिटाला दोन लिटर गेलं तर २१ अंशांनी, चार लिटर गेलं तर अकरा अंशांनीही नाही. थंडीत पहाटे टाकीतलं पाणी १८ अंशांवर असलं, तर दोन लिटरच्या धारेला ३९ अंश मिळतात, म्हणजे छान आंघोळीचं पाणी; चार लिटरच्या धारेला २९, म्हणजे अंगावर काटा. गिझरच्या पोटात तीनेक लिटर पाणी आधीच तापलेलं असतं म्हणून सुरुवातीची धार कढत येते, ते संपलं की खरी परीक्षा सुरू होते. त्यात विजेचा दाब पडला तर हिशेब आणखी बिघडतो. २३० व्होल्टवर तीन किलोवॉट देणारी कॉइल १८० व्होल्टवर दोन किलोवॉटही देत नाही, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. रब्बीला पाणी देण्यासाठी शेतीपंप सुरू असतात त्या दिवसांत असं होऊ शकतं. म्हणून मोटार लावून दाब वाढवणाऱ्या माणसाच्या पदरात पुष्कळदा जोरदार पण गार पाणी पडतं, आणि मग तो मोठा गिझर शोधायला निघतो.

मोठ्या गिझरलाही मर्यादा आहे. इंग्लंडमधल्या विजेच्या शॉवरला साडेआठ ते साडेदहा किलोवॉट लागतात आणि एका किलोच्या आसपास दाब लागतो, म्हणजे शॉवरच्या वर दहा मीटर पाणी. आपल्या बाथरूममधलं १६ अँपिअरचं सॉकेट साडेतीन किलोवॉटच्या आसपासच थांबतं. ब्राझीलची परिस्थिती आपल्याशी जास्त जुळते. तिथेही घरावर टाकी असते, आणि शॉवरच्या तोंडातच कॉइल बसवलेली साधनं घरोघर वापरली जातात. ती मीटरभर उंचीच्या पाण्यावरही चालतील अशाच बेताने बनवलेली असतात. तिथल्या कारागिरांनी दाब कमी हे गृहीत धरून साधन घडवलं. आपण साधन आधी आणतो आणि मग त्याला साजेसा दाब शोधत फिरतो. ज्याला भरपूर आणि भरपूर गरम पाणी हवंच आहे त्याने मोटारीच्या आधी साठवणुकीच्या गिझरचा विचार करावा. पंधरा लिटरचा गिझर पाणी साठ अंशांपर्यंत तापवतो. त्यात वीस अंशांचं तेवढंच गार पाणी मिसळलं की तीस लिटर पाणी चाळीस अंशांवर मिळतं, आणि धार बारीक असो की मोठी, त्यात फरक पडत नाही. दोन किलोवॉटची कॉइल एवढं पाणी वीस-बावीस मिनिटांत तापवते. एवढा धीर धरता आला तर विजेच्या जोडणीत काहीही बदलावं लागत नाही.

आता वाटेकडे वळू. उंचीतून मिळालेला दाब शॉवरपर्यंत पोचेतो कुठे कुठे खर्ची पडतो हे पाहणं हे खरं प्लंबरचं काम, पण घरमालकालाही ते एका बादलीने कळतं. शॉवरची जाळी फिरवून काढायची, उघड्या पाइपखाली बादली धरायची आणि घड्याळ लावायचं. बादली पटकन भरली तर दोष जाळीत आहे. जाळी उलटी करून उजेडात धरली की दिसतं: निम्म्या भोकांना पांढरी पुटं चढलेली असतात, हाताने खरवडली तर चुन्यासारखी भुकटी निघते. बेसॉल्टच्या खडकातून येणारं आपल्याकडचं बोअरचं पाणी सहसा जड असतं, आणि त्यातले क्षार तापल्यावर जास्त बसतात. म्हणून थंड पाण्याचा नळ ठीक चालतो आणि गिझरची बाजूच मंदावते. लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात जाळी रात्रभर ठेवली की सकाळी ती मोकळी होते. हा खर्च वीस-पंचवीस रुपयांचा. उघड्या पाइपातूनही धार बारीकच असेल तर पुढे जायचं. गिझरखालचे दोन्ही अँगल कॉक पूर्ण उघडे आहेत का, गिझरच्या गार पाण्याच्या तोंडाशी बसवलेली बारीक गाळणी गाळाने बुजली आहे का, डायव्हर्टर अर्धवट फिरतोय का. एवढं पाहिल्यावर उरतो तो पाइप. गच्चीपासून बाथरूमपर्यंत सगळीकडे अर्धा इंची पाइप टाकलेला असेल आणि वाटेत आठ-दहा एल्बो असतील, तर आधीच तुटपुंजा असलेला मीटरभर दाब घर्षणातच जिरतो. अर्ध्याऐवजी पाऊण इंची पाइप घेतला तर तेवढ्याच प्रवाहाला होणारं घर्षण सुमारे सातव्या हिश्शावर येतं. बांधकाम चालू असताना या दोन पाइपांच्या किमतीतला फरक किरकोळ असतो. फरशी बसल्यावर तोच बदल भिंत फोडायला लावतो. घर बांधणाऱ्याने ठेकेदाराला सांगायची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन: टाकीतून निघणारा मुख्य पाइप इंचाचा ठेवा, बाथरूमपर्यंत पाऊण इंच न्या, अर्धा इंच फक्त शेवटच्या हातभर अंतरात वापरा.

हवा कोंडणं हा या वाटेवरचा दुसरा अडथळा. गच्चीवरचा पाइप कठड्यावर चढून मग खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा साचते आणि पाणी गुचक्या देत येतं. उपाय म्हणजे पाइपच्या सर्वांत उंच जागी एक उभा उघडा एअर पाइप काढायचा आणि त्याचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचं. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं तेव्हा वाटेवर उंच उच्छ्वास बांधले होते. कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला वाट मिळावी हाच त्यांचा हेतू. आपल्या नगर शहरातही निजामशाहीत खापरी नळांनी दुरून पाणी आणलं, तेही निव्वळ उताराच्या बळावर. त्या लोकांकडे मोटार नव्हती म्हणून त्यांना उंची आणि वाट यांचा विचार करावाच लागला. आपल्याला मोटार मिळाली आणि तो विचार सुटला, हे मला खरोखर नुकसान वाटतं.

वाट मोकळी करूनही कमी पडलं तर टाकी उंच करायची. प्रवाह उंचीच्या वर्गमुळाने वाढतो; म्हणजे पाणी दुप्पट हवं तर उंची चौपट लागते, एका मीटरची चार मीटर. ऐकायला हे फार वाटतं, पण पुष्कळ घरांत त्यातले दोन-सव्वादोन मीटर फुकट पडून आहेत. जिना गच्चीवर जिथे निघतो त्या खोलीचा स्लॅब गच्चीपेक्षा सात-आठ फूट उंच असतो आणि बहुधा त्यावर जुन्या फरशा, मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतात. टाकी तिथे गेली की काम होतं. यावर आक्षेप घेतला जातो तो वजनाचा, आणि तो रास्त आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. ते स्लॅबच्या मधोमध किंवा चार इंची भिंतीवर ठेवू नये. भार बीममधून कॉलमवर उतरला पाहिजे, आणि जुन्या घरात हे एखाद्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय करू नये. लोखंडी अँगलच्या स्टँडलाही हाच नियम, शिवाय वळवाच्या वाऱ्यात रिकामी टाकी उडते म्हणून ती बांधून ठेवायची. दुसरा आक्षेप खर्चाचा. स्टँडला मोटारीपेक्षा जास्त पैसे लागतील हे खरंच आहे, पण स्टँड जळत नाही, त्याला वीज लागत नाही, वीज गेली तरी गार पाणी त्याच जोराने येतं. आणि पुढेमागे सौर बंब बसवायचा ठरला, तर गार पाण्याची टाकी बंबापेक्षा उंच असावीच लागते. तेव्हा हा खर्च आज ना उद्या करावाच लागतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मात्र टाकी हलवता येत नाही. त्याने जाळीची सफाई करावी, आणि आठ इंची पसरट ‘रेन शॉवर’ काढून बारीक भोकांचा छोटा हँड शॉवर लावावा. तेवढंच पाणी कमी भोकांतून गेलं की धारेला जोर येतो, आणि गिझरला मानवणाऱ्या दोन-अडीच लिटरांत आंघोळ होते.

एवढं सगळं करूनही काही घरं अशी राहतात जिथे मोटार हाच मार्ग असतो. टाकी आणि बाथरूम जवळपास एकाच पातळीवर असतील, बांधकाम भार सोसणारं नसेल, साठवणुकीचा गिझर आधीच असेल, तर टाकीच्या पुढे एक छोटा प्रेशर पंप लावायला माझी हरकत नाही. नळ उघडला की सुरू आणि बंद केला की बंद होणारा फ्लो स्विच त्यात हवा, टाकी रिकामी झाल्यावर तो कोरडा फिरू नये, आणि गिझर किती दाब सोसतो हे त्याच्या पट्टीवर वाचून घ्यायला हवं. त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी. ओल्या अंगाने विजेच्या उपकरणाखाली उभं राहायचं असतं. दाबाची तक्रार उद्यावर ढकलता येईल, ही गोष्ट नाही.

आता त्या मोटारीबद्दल, जी नळाच्या लाइनला लागते. टिल्लू मोटार म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. जामखेडला भुतवडा तलावाचं पाणी येतं, तालुका पर्जन्यछायेतला, नळाची पाळी असते आणि उन्हाळ्यात ती लांबत जाते. पाळीच्या दिवशी एका गल्लीत दहा मोटारी सुरू झाल्या तर पाइपात पाणी वाढत नाही. ते फक्त शेवटच्या घरांकडून पहिल्या घरांकडे सरकतं. पण यापेक्षा गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मोटार ओढते तेव्हा लाइनमध्ये दाबाऐवजी शोष तयार होतो. जिथे सांधा सैल आहे, पाइपला चीर आहे, शेजारून गटार गेलंय, तिथलं पाणी आत खेचलं जातं. ते पहिल्यांदा मोटार लावणाऱ्याच्याच टाकीत जातं, आणि तिथून शॉवरने तोंडावर, स्वयंपाकघराच्या नळाने पोटात. हे जामखेडला समजावून सांगावं लागू नये. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी याच गावात सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला तेव्हा खेड्यांतल्या लोकांनी औषधाच्या आधी पाणी आणि अन्न मागितलं होतं. स्वच्छ पाणी हे दवाखान्याइतकंच, किंबहुना त्याहून मोठं औषध आहे, हे गावोगावच्या आरोग्यसेविकांच्या मदतीने त्यांनी दाखवून दिलं. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं नाव जगभरच्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात गेलं. त्या गावात शॉवरच्या धारेसाठी गटाराचं पाणी नळात ओढलं जावं हे मला सहन होत नाही.

यावर मिळणारं उत्तर मला माहीत आहे: सगळेच लावतात, आपण एकट्याने नाही लावली तर आपल्याला थेंबही मिळणार नाही. हा आक्षेप खोटा नाही. लाइनचा स्वतःचा दाब गच्चीपर्यंत पाणी चढवत नाही, हेही खरं. केंद्र सरकारच्या १९९९ सालच्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेने एकमजली वस्तीत नळाशी सात मीटर, दुमजली वस्तीत बारा मीटर दाब असावा असं म्हटलं होतं. पाळीच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांत तो क्वचितच मिळतो. पण म्हणून उत्तर मोटार लाइनला जोडणं हे नाही. अंगणात जमिनीखाली हौद करायचा, नळाचं पाणी आपल्या जोराने त्यात पडू द्यायचं आणि मोटार त्या हौदातून गच्चीच्या टाकीत लावायची. हौद रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असल्याने मंद धारही त्यात पोचते; शेजाऱ्याचं पाणी ओढलं जात नाही, लाइनमध्ये शोष होत नाही. हौदाला झाकण घट्ट हवं आणि तो सेप्टिक टँकपासून लांब हवा, एवढी काळजी घ्यायची. राहिला प्रश्न सगळ्या गावाचा. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून आणि जास्त वापराला चढता दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. लाइन सतत भरलेली राहिली की मोटार लावायचं कारणच संपतं. तेव्हा मोटार ही गावाच्या पाणीपुरवठ्यातल्या उणिवेची खूण आहे हे मान्य, पण ती उणीव आणखी खोल करणारीही तीच आहे.

शेवटी एक आक्षेप उरतो: जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते त्या तालुक्यात शॉवरच्या दाबावर एवढं लिहायचं कशाला, बादलीने आंघोळ करावी. बादलीबद्दल मला आदरच आहे. पंधरा ते वीस लिटरांत तिचं काम होतं. पण मिनिटाला तीन लिटरांचा शॉवर पाच मिनिटं चालला तर पंधराच लिटर लागतात. पाणी उधळतो तो मोटारीने फुगवलेला रुंद शॉवर. मिनिटाला बारा लिटरांनी त्याच पाच मिनिटांत साठ लिटर जातात. म्हणजे कमी पण पुरेशा दाबाचा शॉवर दुष्काळी गावाला परवडतो, नको तेवढ्या दाबाचा परवडत नाही. आणि गुडघे वाकत नाहीत, वाकून तांब्याने पाणी घेता येत नाही, स्टुलावर बसून आंघोळ करावी लागते अशा म्हाताऱ्या माणसांसाठी हँड शॉवर ही चैन नाही. त्यांच्यासाठी तरी घरातला दाब नीट करणं हे कर्तव्यच आहे.

उजनीच्या जलाशयातून पाणी येईल या आशेवर जामखेड बरीच वर्षं आहे. त्या आधी प्रत्येकाने आपल्या घरी बादली आणि घड्याळ घेऊन एकदा मोजमाप करावं, जाळी साफ करावी, टाकीची जागा तपासावी, आणि नळाच्या लाइनला मोटार असेल तर ती काढून हौदाला जोडावी. नगरपरिषदेने घराच्या बांधकामाचा परवाना देताना हौद आणि टाकीची उंची यांची विचारणा करावी. नवी लाइन आली तरी तिला पहिल्याच पाळीला शंभर मोटारी लागल्या, तर वरच्या गल्लीतल्या शेवटच्या घराला तेव्हाही पाणी मिळणार नाही.